डाव्या चाकाचे चौदा पौंड

माझ्या भावोजींचे हात थरथरतात. वयाने हलणारे हात मी पुष्कळ पाहिले आहेत. ते वर-खाली हलतात, कापरे भरल्यासारखे. भावोजींचे तसे नाही. त्यांचे दोन्ही हात एकदम आडवे हलतात, डावा किंचित आधी. हातांत काहीतरी गोल धरले आहे आणि ते उलटसुलट हिसके देत आहे, असे पाहणाऱ्याला वाटते. तंजावरच्या डॉक्टरांनी त्यांच्या डोक्याचे फोटो काढले, त्रिचीच्या डॉक्टरांनी रक्त तपासले, आणि दोघांनीही गोळ्या लिहून दिल्या. हे थरथरणे कुठून आले ते त्या घराच्या आसपास फक्त मला ठाऊक होते. अकरा वर्षे मी ते कुणालाही सांगितले नाही.

मी तंजावरला एका तंत्रशाळेत वर्कशॉप शिकवतो. मोजल्याशिवाय झाकण लावू नका, हे वाक्य दर वर्षी नव्या वर्गाला पहिल्याच दिवशी सांगतो. माझी अक्का तिरुवैयारुच्या अलीकडच्या एका गावात दिली आहे. भावोजींचे घर आपल्यातलेच, तंजावरच्या मराठी माणसांचे, म्हणजे दारात तमिळ आणि आत मराठी, तीही तमिळच्या चालीवर. वडिलांनी कान धरून शिकवल्यामुळे मला देवनागरी वाचता-लिहिता येते. अक्काला ती कधी जमली नाही आणि भावोजींना तर मुळीच नाही. हे मी त्यांना वाचता येऊ नये म्हणून या लिपीत लिहितो आहे असे नाही. पण ते माझ्या लक्षात आहे, हे मात्र खरे.

भावोजींच्या वडिलांनी लष्कराच्या लिलावात एक जुना ट्रक घेतला होता. चारही चाकांना इंजिनचा जोर पोचणारा, चिखलातूनही निघणारा. भाताची पोती, नारळ, लग्नाची भांडी, सगळे त्यातून जायचे. वडील गेल्यावर भावोजींनी तो मुलासारखा सांभाळला. पुढची चाके वळवणारे सांधे दुरुस्त करायचे झाले की ते मला बोलवायचे. गावच्या मेकॅनिकवर त्यांचा विश्वास नव्हता.

तो सांधा कसा असतो हे थोडे सांगायला हवे, नाहीतर माझा गुन्हा कळणार नाही. पुढच्या आसाच्या टोकाला सोललेल्या नारळाएवढा लोखंडी गोळा असतो आणि सांधा त्याच्याभोवती बसतो. वर एक बेअरिंग, खाली एक. ही बेअरिंगे नुसती बसवून भागत नाही, थोडी दाबून ठेवावी लागतात. त्या दाबाला प्रीलोड म्हणतात. वरच्या झाकणाखाली कागदासारख्या पातळ पत्र्याच्या चकत्या असतात, त्या शिम. एक शिम काढली की झाकण खाली बसते आणि दाब वाढतो. एक जास्त घातली की दाब कमी होतो. दाब मोजायला चाक काढायचे, दोन्ही चाके जोडणारा दांडा सोडवायचा, सांध्याला स्प्रिंगचा काटा अडकवायचा आणि हळू ओढायचे. सांधा वळत असताना काटा जो आकडा दाखवील तो खरा. या ट्रकला बारा ते सोळा पौंड लागतात. पण एक गोष्ट आहे. वंगण बाहेर येऊ नये म्हणून गोळ्याला घासून बसणारी फेल्टची, म्हणजे दाबलेल्या लोकरीची, एक कडी असते, ती मोजण्याआधी काढलीच पाहिजे. नवी फेल्ट फार घट्ट घासते. ती तशीच राहिली तर आत ढिला असलेला सांधाही हाताला घट्ट लागतो. आणि आत ढिला असलेला सांधा घेऊन ट्रक एखाद्या वेगाला एखाद्या खड्ड्यावर आपटला, की पुढचे चाक नाचायला लागते. ते नाचणे मग माणसाच्या हातांत येते.

अकरा वर्षांपूर्वी, नवरात्रातल्या नवमीच्या दिवशी, मी त्यांच्या शेडमध्ये हे काम करत होतो. आमच्याकडे नवमीला आयुधपूजा असते. घरातली, शेतातली, कारखान्यातली सगळी हत्यारे धुऊन, चंदन-कुंकू लावून सरस्वतीपुढे मांडतात, आणि एकदा मांडली की दशमीच्या सकाळपर्यंत कुणी त्यांना हात लावत नाही. मला काम अष्टमीलाच संपवायचे होते, पण मी एक दिवस उशिरा पोचलो. उजवा सांधा नीट झाला. काटा लावून मोजला, चौदा पौंड. डाव्याला हात घातला तेव्हा घरातून आंघोळी झालेल्या माणसांचे आवाज यायला लागले होते. घाईत मी फेल्टची नवी कडी आधीच बसवून टाकली, झाकणाचे बोल्टही आवळले. मोजणे राहिले होते. त्यासाठी कडी पुन्हा काढायला हवी होती.

अक्का दारात आली, हातात पितळी ताट.

"झालं का रे? गुरुजी येऊन बसलेत. हत्यारं दे."

"एक मिनिट, अक्का."

"तुझं एक मिनिट मला ठाऊक आहे. पोंगलपर्यंत चालतं." तिने बाजूला पडलेला स्प्रिंगचा काटा उचलून ताटात ठेवला. "दांडा जोड आणि तो पानाही दे. मी उभी राहतें."

मी सांध्याला हाताने ओढून पाहिले. घट्ट लागला. दांडा जोडला, चाक चढवले, पाना तिच्या ताटात ठेवला. भावोजी आत येऊन विचारत होते, "डावं किती, वाद्यार?" मी शाळेत शिकवतो म्हणून ते मला वाद्यार म्हणतात, मास्तर या अर्थाने, आणि प्रत्येक वेळी हसतात. ट्रकचे सगळे आकडे ते बॉनेटच्या आतल्या बाजूला पांढऱ्या रंगाने लिहून ठेवत. ब्रश त्यांच्या हातात होता.

"चौदा," मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी दशमी. हत्यारे मोकळी झाली होती. काटा देव्हाऱ्यापुढे चंदनाचे तीन टिपके लेवून पडला होता, मी त्याच्याकडे पाहिलेही. पण ट्रक हार घालून अंगणात उभा होता, चाकांखाली लिंबे ठेवली होती, आणि अक्काने नवी साडी नेसली होती. ती तिरुवैयारुला वीणा शिकवायची, आणि दशमीला नव्या मुलांचा पहिला धडा असतो. वीणा मागे गोधडीत गुंडाळून ठेवली होती. अक्का भावोजींशेजारी चढली. तिची पिशवी मीच खालून तिच्या हातात दिली. लिंबे चिरडली गेली, सगळे हसले, ट्रक निघाला.

कालव्याच्या रस्त्यावर एका मोरीपाशी चाक नाचायला लागले. भावोजींनी नंतर सांगितले की स्टिअरिंग कुणीतरी हातातून हिसकून घ्यावे तसे झाले. ट्रक उतारावरून केळीच्या बागेत गेला, आणि बागेच्या कडेच्या नारळाला दरवाजा घासला. झोक गेला तेव्हा अक्काने उजवा हात आडवा घेऊन खिडकीची चौकट बाहेरून धरली होती. तिची तीन बोटे आता वाकत नाहीत. वीणेच्या तारा छेडायच्या त्याच हाताची.

इस्पितळाच्या कॉरिडॉरमध्ये भावोजींनी मला एकच प्रश्न विचारला. "चाकात काही होतं का?"

मी म्हणालो, "नाही. चौदा होतं. मी मोजलं होतं."

त्यांनी स्वतःच्या हातांकडे पाहिले. त्या दिवसापर्यंत ते हात स्थिर होते, हे मी शपथेवर सांगतो. थरथर सुरू झाली ती दुसऱ्या वर्षी.

मी तेव्हापासून त्या घरी कमी जात नव्हतो, उलट जास्त जायचो. शाळेतून सुटलो की पंखा दुरुस्त करायला, मोटर पाहायला. पोंगलच्या दुसऱ्या दिवशी कणू असते, बहिणी भावांसाठी हळदीच्या पानावर रंगीत भाताचे गोळे मांडतात, कावळ्यांना बोलवतात, भावाला आयुष्य मागतात. अक्का ते डाव्या हाताने मांडायची. गोळे वेडेवाकडे व्हायचे. "कावळ्यांना काय, चालतं," म्हणून हसायची. मी शेजारी उभा असायचो.

ट्रक शेडमध्ये पडून होता. या वर्षी, नवरात्राला महिना असताना, भावोजींचा फोन आला.

"वाद्यार, ट्रक पुन्हा रस्त्यावर काढायचा. पुढचे सांधे तू बघ. मागच्या वेळी तूच केले होतेस, छान केले होतेस."

मी हो म्हणालो. त्याबरोबर एक विचार आला, आणि तो इथे लिहितो, कारण तोच सगळ्यात लाजिरवाणा आहे. मला वाटले, आता गुपचूप सगळे नीट करून टाकता येईल. कुणाला काही कळणार नाही. ट्रक सरळ चालेल.

शनिवारी मी गेलो. शेडमध्ये भाताच्या तुसाचा वास होता आणि पत्र्यावर नारळाची झावळी घासत होती. ट्रकचा पुढचा भाग मी उचलून लाकडी ठोकळ्यांवर घेतला. बॉनेट उघडले तर आत पांढरी अक्षरे जशीच्या तशी होती, L 14, R 14. मी बॉनेट लगेच बंद केले. पहिल्या दिवशी सांध्यांना हात लावायचे धैर्य झाले नाही, म्हणून फक्त स्टिअरिंग बॉक्समधला ढिलेपणा काढला. निघताना चाके सरळ केली.

रविवारी सकाळी गेलो तर दोन्ही चाके डावीकडे वळलेली होती.

"शेडमध्ये कुणी आलं होतं का?" मी विचारले.

"कोण येणार?" अक्का म्हणाली. "कुलूप मी लावतें."

भावोजी ओसरीवर चमच्याने इडली खात होते. चमचा ताटाच्या काठावर टिकटिकत होता. "वारा असेल, वाद्यार," ते म्हणाले आणि हसले.

वाऱ्याने ट्रकची चाके वळत नाहीत. मी चाके पुन्हा सरळ केली आणि जमिनीवर खडूने रेघ मारली. त्या आठवड्यात शाळा झाल्यावर दोनदा गेलो. दोन्ही वेळा चाके रेघेपासून डावीकडे होती. कालव्याच्या रस्त्यावर केळीची बाग डावीकडेच आहे. मला तेव्हा काय वाटले ते सांगतो, हसू आले तरी चालेल. मला वाटले, हा ट्रक मला दाखवतो आहे. कुठे गेला होता ते.

पुढच्या शनिवारी मी त्यांच्याकडेच मुक्काम केला. रविवारी पहाटे, अजून कॉफीची चूल पेटायची होती, तेव्हा मागच्या दाराने शेडमध्ये शिरलो. पुढचे कुलूप लागलेले पाहिले. आत पुरता उजेड नव्हता. मी टॉर्च घेऊन ट्रकखाली सरकलो, पाठीवर, डाव्या चाकाच्या आत, आणि त्या गोळ्याकडे बघत पडून राहिलो. वाटले, आज तरी याला उघडीन.

चाक हलले.

आधी मला भास वाटला. मग मी टायरवर तळवा ठेवला. चाक बारीक थरथरत होते, आडवे, इकडे-तिकडे, थांबत नव्हते. मग ते सावकाश डावीकडे वळले, तिथे थरथरत राहिले, आणि परत आले. जमिनीवर कुणाचे पाय दिसत नव्हते. ट्रकच्या चारी बाजूंना फक्त तूस आणि माझी चप्पल. आणि वरून, लोखंडातून यावा तसा, एक आवाज यायला लागला. हळू, एकाच पट्टीत, जप करावा तसा.

"चौदा… चौदा… चौदा… चौदा…"

मी सांगितलेला आकडा होता तो. अकरा वर्षांपूर्वी ज्या जागी उभे राहून मी तो सांगितला, त्याच जागी मी आता पडलो होतो आणि तो मला वरून ऐकू येत होता. किती वेळ गेला सांगता येत नाही. शेवटी मी कोपरांवर सरकत बाहेर आलो आणि उभा राहून ट्रकमध्ये पाहिले.

भावोजी ड्रायव्हरच्या जागेवर बसले होते. डोळे मिटलेले, दोन्ही हात स्टिअरिंगवर. मी येण्याच्या आधीपासून ते तिथे अंधारात बसून होते. मी खाली सरकलो तेही त्यांना कळले नव्हते.

"भावोजी."

ते दचकले. "अय्यो! तू खाली होतास? मेलों असतों मी."

"तुम्ही काय करताय इथं?"

"मागच्या दारानं येतों. तिला सांगू नको." त्यांनी हात स्टिअरिंगवरून काढले नाहीत. "बघतों, धरून ठेवता येतं का. सरळ ठेवायला जातों, जातं डावीकडेच. रोज बघतों. चौदा म्हटलं की हात थोडे थांबतात."

"का चौदा?"

"तू मोजलंस ते. चाक बरोबर होतं. म्हणजे चूक हातांची. हात ताळ्यावर आणले की झालं, नाही का?" त्यांचा आवाज अगदी साधा होता, शेताच्या पाण्याबद्दल बोलावे तसा. "दशमीला तिला घेऊन जाणार. त्याच रस्त्यानं, त्या मोरीवरून. ती शेजारी बसायला हो म्हणालीय. एकदा नीट नेऊन आणलं तिला की मग पुन्हा या ट्रकला हात लावणार नाही."

तेव्हा मला कळले की गुपचूप नीट करून चालणार नाही. मी ट्रक बरोबर केला आणि तो सरळ चालला, तर त्यांना वाटेल आपण हातांना वठणीवर आणले. मागच्या वेळचे मात्र कायम त्यांच्या नावावर राहील. आणि नाही चालला तर अक्का पुन्हा त्याच दरवाजाशी बसलेली असेल.

"भावोजी, डावं मी मोजलं नव्हतं," मी म्हणालो.

त्यांचे हात स्टिअरिंगवरच होते.

"उजवं मोजलं. डाव्याला फेल्ट आधीच बसवली होती, नुसतं हातानं ओढून बघितलं. तुम्ही विचारलंत आणि मी चौदा म्हणालों. इस्पितळातही खोटं बोललों. सांधा ढिला होता. तुमचे हात नव्हते."

त्यांनी मान वळवून माझ्याकडे पाहिले. मग त्यांच्या चेहऱ्यावर जे आले त्याची मी तयारी केली नव्हती. ते दयेने हसले.

"बस कर, वाद्यार. माझ्यासाठी खोटं बोलतोस. तुझी अक्का शिकवते का तुला हे?"

"खरं सांगतों."

"मग हे काय?" ते खाली उतरले, थरथरत्या हातांनी बॉनेट उचलले आणि त्या पांढऱ्या अक्षरांवर बोट ठेवले. बोट अक्षरावर टिकेना. "तू सांगितलंस, मी लिहिलं. तू मोजल्याशिवाय आकडा देणारा माणूस आहेस का? मी ओळखतों तुला."

इतकी वर्षे मला भीती होती की हे ऐकून ते मला हाकलून देतील. ते माझ्यावर विश्वासच ठेवणार नाहीत, याची भीती मला कधी शिवली नव्हती.

मी चाक काढले. दांडा सोडवला. डाव्या झाकणाचे बोल्ट गंजले होते, ते निघायलाच तासभर गेला. भावोजी तुसाच्या पोत्यावर बसून बघत होते. झाकण उचलले, खाली पाच शिम निघाल्या. मागच्या वेळी उजवीकडे चार घातल्या होत्या, पण दोन बाजूंच्या शिम सारख्या असाव्यात असे काही नसते, त्याने काही सिद्ध होत नव्हते. मी जुनी घाण पुसली, बेअरिंग पाहिले, त्याच पाच शिम परत ठेवल्या आणि झाकण त्या दिवसासारखेच आवळले. नवी फेल्टची कडी आणलेली होती, ती बसवली. मग स्प्रिंगचा काटा अडकवून ओढला.

"बघा," मी म्हणालो.

ते वाकले. काटा तेरा आणि चौदाच्या मध्ये होता.

"चौदा!" ते ओरडले. त्यांचा चेहरा उजळला होता. अकरा वर्षांत मी त्यांना इतके आनंदात पाहिले नव्हते, आणि तो आनंद बघवत नव्हता. "सांगत होतों ना! बरोबर होतं! तू उगीच स्वतःला खातोस."

"थांबा."

मी कडी काढली. पुन्हा काटा अडकवला. पुन्हा ओढले. सांधा लोण्यातून सुरी फिरावी तसा फिरला. काटा चारवर होता.

त्यांनी काटा माझ्या हातातून घेतला. स्वतः ओढला. त्यांच्या हातात तो असा थरथरत होता की आकडा दिसेना. दोनवर, सहावर, एकावर. त्यांनी दुसऱ्यांदा ओढला, तिसऱ्यांदा. मग मी त्यांच्या मनगटावर माझा हात ठेवला आणि आम्ही दोघांनी मिळून ओढले. चार.

ते पोत्यावर जाऊन बसले. पत्र्यावर झावळी घासत होती. मग त्यांनी दोन्ही हात चेहऱ्यासमोर धरले. ते तसेच आडवे हलत होते, डावा किंचित आधी. भावोजी त्या हातांकडे असे पाहत होते, जणू ते कुणीतरी त्यांच्याकडे ठेवायला दिले होते आणि नेणारा आलाच नाही.

"मग हे कुणाचं?" त्यांनी विचारले.

मी काटा पुसून खाली ठेवला.

दारात अक्का उभी होती. कधी आली होती ठाऊक नाही. डाव्या हातात कॉफीचा लोटा होता.

"मी चढले तेव्हां," ती म्हणाली, "तुला ठाऊक होतं?"

"होतं."

"पिशवी दिलीस तेव्हांही?"

"हो."

"मग सांगितलं का नाहीस?"

"काटा पूजेत होता, अक्का. तूच नेलास. मला मागायला…"

वाक्य पूर्ण करता आले नाही, कारण अर्ध्यातच मला ते कसे ऐकू येते आहे ते कळले.

"मागितला असतास तर दिला असता," अक्का म्हणाली. तिचा आवाज चढला नाही. "चंदन पुसून दिला असता. सरस्वती काय रागावली असती? आणि दुसऱ्या दिवशी सकाळी? तेव्हां तर सगळं मोकळं होतं. तुला मोजायचं नव्हतं. आकडा चुकीचा निघाला असता तर सगळ्यांसमोर ट्रक थांबवावा लागला असता, तुझ्यामुळं. म्हणून."

मी अकरा वर्षे माझा गुन्हा मनात घोळवला होता. पूजेचा नियम, घाई, उशीर, नवी फेल्ट, सगळे त्यात मी नीट रचून ठेवले होते. पण त्याचे इतके साधे नाव मला कधी सापडले नव्हते. गळ्यात हार घातलेल्या ट्रकसमोर, आंघोळ केलेल्या माणसांसमोर, माझी चूक दिसली असती. एवढेच होते ते.

अक्काने लोटा मडगार्डवर ठेवला आणि ती आत गेली. कॉफीवर साय धरत होती. मला ती पिता येईना आणि ओतूनही टाकता येईना.

मी हत्यारे गोळा करायला लागलो तेव्हा भावोजी म्हणाले, "ठेव ती. उद्या येऊ नको. परवा ये. काम अर्धं आहे."

मंगळवारी मी शाळेतून अर्धी रजा घेतली. घराचे पुढचे दार उघडे होते, पण मला कुणी आत बोलावले नाही, आणि मीही गेलो नाही. शेडमध्ये हत्यारे होती तशीच होती. मी डावीकडची एक शिम काढली, झाकण आवळले, फेल्टची कडी बाजूला पोत्यावर ठेवली. काटा ओढला, अकरा. कमी होते. चाळीस पोत्यांचा भार पेलणाऱ्या त्या आसाचे काम केसाएवढ्या पत्र्यावर चालते. एक जाड शिम काढून तिच्या जागी पातळ घातली. तीन वेळा ओढले, काटा सांध्याशी काटकोनात आहे ना ते तपासून. तिन्ही वेळा चौदा. मग कडी बसवली, दांडा जोडला, चाक लावले. उजवीकडचेही उघडून पुन्हा मोजले, जरी ते बरोबरच होते.

काम संपत आले तेव्हा भावोजी आले. विचारले काहीच नाही. दार उघडून ड्रायव्हरच्या जागेवर चढून बसले.

"खाली जा," ते म्हणाले. "चाकाला हात लाव."

मी पाठीवर सरकत त्याच जागी गेलो. टायरवर तळवा ठेवला. वरून काही ऐकू येत नव्हते, जप नव्हता, फक्त सीटच्या स्प्रिंगांचा आवाज. मी वाट पाहिली. रबर थंड होते.

"मी धरलंय," त्यांचा आवाज आला. "हलतंय?"

"नाही."

"नीट बघ."

मी दुसराही हात लावला, श्वास रोखून. "नाही हलत, भावोजी. चाक हलत नाही."

दशमीला अक्का त्यांच्या शेजारी बसणार का, हे तिने अजून सांगितलेले नाही, आणि विचारायचा अधिकार मला नाही.

"आणि हात?" त्यांनी विचारले.

खालून ते दिसत नव्हते. मी बाहेर आलो, पाठीवरचे तूस न झटकता उभा राहिलो आणि खिडकीतून आत पाहिले. स्टिअरिंग स्थिर होते. त्यावर त्यांचे दोन्ही हात होते. मी पुरेसा वेळ पाहिले, कारण आता आकडा चुकवायचा नव्हता.

"हलतात," मी म्हणालो.